एकशे चौदा घरं, एक तोंड

५ जानेवारी २०२५, रविवार

श्रुतिका, चष्मा डोक्यावर आहे तुझ्या. आधी तो डोळ्यांवर घे, मग वाच. आणि ही वही कुठून आली असं विचारू नकोस. तूच दिलीस. एक तारखेला दिलीस आणि दोन तारखेला मलाच विचारत होतीस, "आजी, माझी नवी कोरी वही कुठे पाहिलीस का?" सव्वीस वर्षांची घोडी आणि विसराळूपणा माझ्याहून जास्त.

तू म्हणालीस, नकाशात सगळं राहील, पण माणसं कशी जमली ते कुठेच राहणार नाही, ते तू सांग. मोबाईलमध्ये बोल म्हणालीस. मी बोलून पाहिलं. मोबाईल हुं म्हणत नाही. समोरून हुं आल्याशिवाय माझं तोंड चालत नाही. म्हणून तुझी आई लिहितेय. प्रेमाचं अक्षर कसं आहे ते मला कळायचं नाही, मला सगळी अक्षरं वाळत घातलेल्या सुकटीसारखी दिसतात. पण ती हुं छान म्हणते. म्हणाली नाही, की समजावं सूनबाईंना पटलेलं नाही.

वाचायची मात्र मी सांगेन तेव्हाच.

तर आज तुझ्या कामाला सुरुवात झाली. पार्ल्याची तुझी मैत्रीण अबोली आली, बरोबर तिच्या ओळखीचे तिघं. सगळे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसले. मला जेवढं कळलं ते सांगते. मोबाईलमधल्या कंपनीच्या नकाशात आपली टेकडी, एवढी वस्ती असून, नुसता राखाडी डाग. म्हणून सामान आणणारे घाटकोपरच्या रस्त्यावरून फोन करतात, "मॅडम, खाली या." पण दुसरा एक नकाशा आहे, अख्ख्या जगाचा. त्याला मालक नाही. कुणीही त्यात भर घालावी, कुणीही चुकलेलं नीट करावं. त्या नकाशाला तू बोलायला शिकवलंस. घरावर बोट ठेवलं की आवाज येतो, हे अमक्याचं घर, इथून डावीकडे नळ. आणि ते कसं केलंस तेही तू उघडं ठेवलंस. कुणीही न्यावं, आपल्या गावात वापरावं. अगं, मसाल्याचं प्रमाण सांगताना आपण एक जिन्नस गाळतो. तू काहीच गाळलं नाहीस. वेडी आहेस.

अंधेरीचं ऑफिस सोडलंस त्यासाठी. वर्षभर बघायचं, माणसं जमली तर जमली, नाहीतर परत नोकरी. तुझा बाप राजेश तेव्हापासून फुगलाय.

आणि नकाशाला बोलायला का शिकवलंस, तर आजीला वाचता येत नाही म्हणून. हे तू मला सांगितलं नाहीस. अबोलीनं सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं मी अडाणी राहिले, नाहीतर नात रिकामी बसली असती.

१२ जानेवारी

आज पाच जण. पाचही बाहेरचे. टेकडीवरचं चिटपाखरू नाही. तू सगळ्या गल्ल्यांत कागद चिकटवले होतेस. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच्या कामाचे कागद! मी काही बोलले नाही. (बोलल्या. दिवसभर बोलल्या. — प्रेमा)

काय लिहिलंस गो, प्रेमा? वाचून दाखव. बरं, राहू दे.

तुझं तोंड उतरलं तेव्हा मी म्हटलं, "माणसं कामाला येत नाहीत, बोलावण्याला येतात. संक्रांत परवावर आलीय. हळदीकुंकू घाल." तू म्हणालीस, "आजी, हे ओपन सोर्स आहे." मी म्हटलं, "मग दार उघडंच आहे. कुंकू लावायला काय हरकत?"

१९ जानेवारी

झकास झालं. बेचाळीस बायका. दारातून जिन्यापर्यंत रांग. वाण काय, तर तिळगूळ आणि नकाशा. कुंकू मी लावलं, अत्तर प्रेमानं, आणि तू एकेकीच्या मोबाईलमध्ये नकाशा घालून दिलास. असलं वाण कुणी लुटलं नसेल.

आता नीलमचं सांगते. नीलम वरच्या वस्तीतली, निळ्या दाराची. साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्विचची खोकी तपासते. आठ वर्षांपूर्वी नवरा बाहेरगावी कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. पदरात एकच मुलगी, प्रांजल, नववीत आहे. नीलम मंगळसूत्र घालते, पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही. नाही म्हणत नाहीत, विसरतात. मी नाही विसरले. मधल्या देवळाच्या ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "नीलम, पिवळी साडी नेसून ये गो!" आली. पहिलं कुंकू तिला लावलं. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पाहू देत.

जाताना तिनं वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ उठलीच नाही. मी म्हटलं, "काय पाय मोजतेस की काय? दोनच आहेत."

२६ जानेवारी

नीलम वरच्या अकरा जणींना घेऊन आली. ती बोलते कमी, पण तिनं टेकडीच्या पायऱ्या मोजून आणल्या होत्या. कुठली तुटकी, कुठे कठडा नाही, पाणी किती वाजता आणि कुठल्या नळाला. तू टिपून घेताना थकलीस, ती सांगताना थकली नाही. अबोली म्हणाली, अशी एक बाई असली की गट उभा राहतो. मी म्हटलं, कुणी बोलावली होती तिला?

९ फेब्रुवारी

माझं काम झालं. दोन रविवारांत एकशे चौदा घरं.

गुडघे वर चढू देत नाहीत, म्हणून देवळाच्या ओट्यावर बसले. तिथून खालवर सगळी टेकडी दिसते. अबोलीनं मोबाईल तोंडाजवळ धरला. "आजी, तुम्ही एरवी जसं सांगता तसंच सांगा. घरांना नंबर नाहीत, ओळख पटायला हवी." मग काय! मी सुटले. हे ढेकरवाल्या काकांचं घर, सकाळी सातला ढेकर ऐकू आला की डावीकडे वळा. हे गॅलरी चोरून वाढवलेलं घर, डोकं सांभाळा. हे तीन वेळा साखरपुडा झालेल्या मुलाचं घर. अबोली इतकी हसली की मोबाईल हातातून पडला. ती पार्ल्याची, तिला कोण कुणाचं काय ठाऊक. ती हसली की मला आणखी चढायचं.

आपल्या घराला मी म्हटलं, तुळशीचं घर.

नीलमची रविवारची जादा पाळी होती, ती नव्हती. तिच्या घराला काय म्हटलं ते आता नेमकं आठवत नाही. सगळे म्हणतात तेच.

प्रेमाचं हुं आलं नाही. लिही गो, थांबलीस का?

१६ फेब्रुवारी

तू ठेवलेला नियम असा आहे की एकानं बोललेलं दुसऱ्यानं ऐकायचं, बरं असेल तरच ते सगळ्यांसाठी उघडं करायचं. पुढच्या रविवारी मुलुंड-बोरिवलीच्या वस्त्यांमधली मंडळी हे काम बघायला येणार. तुझी धावपळ. सकाळी माझे आवाज ऐकायला बसलीस, चार-पाच ऐकलेस, ढेकरवाल्या काकांपाशी हसत थांबलीस आणि म्हणालीस, "आजीच आहे, तपासायचं काय त्यात?" पुढची बटणं टकाटक दाबलीस. मला बरं वाटलं. विश्वास आहे पोरीचा.

२३ फेब्रुवारी

चाळीस माणसं वर चढली ती माझ्या आवाजावर. मी ओट्यावर बसलेली आणि मीच गल्लीगल्लीतून बोलतेय! मुलुंडचा एक सुयोग म्हणून होता, तो म्हणाला, "आजी, तुमचा आवाज आमच्या टेकडीला भाड्यानं द्या." बोरिवलीवाले दोन तास प्रश्न विचारत होते. राजेशनं स्वतः चहा केला. सांगते तुला, तुझ्या बापानं चहा केला म्हणजे फुगा उतरला.

आता मी मेले तरी टेकडीवर वाट दाखवत राहीन.

२५ फेब्रुवारी

नीलम देवळाजवळून गेली. मी हाक मारली. थांबली नाही. कामाला उशीर झाला असेल.

प्रांजल दोन दिवस शाळेत गेली नाही म्हणे. हवा बदललीय, ताप असेल.

२ मार्च

अकरा जणी आल्या. नकाशाला नाही आल्या.

नीलम पुढे नव्हती, दाराशी उभी होती. पुढे आली मृणालिनी, वरच्या बालवाडीची बाई. मोबाईल तुझ्यासमोर धरला आणि निळ्या दारावर बोट ठेवलं.

माझा आवाज आला. "निळं दार. नवऱ्यानं टाकलेल्या नीलमचं घर. तो बरा सुटला." आणि मागून हसणं, माझं आणि अबोलीचं.

मृणालिनीनं सांगितलं की प्रांजलच्या वर्गातल्या एकीनं ते ऐकलं, मग वर्गाच्या ग्रुपवर गेलं, मग सगळी मुलं मधल्या सुट्टीत तेच लावत होती. पुन्हा पुन्हा. पोरगी उठून घरी आली ती गेलीच नाही.

मृणालिनीनं विचारलं, "आजी, हे कोण बोललं?"

प्रेमा, इथून लिहू नकोस.

मी म्हटलं, "मला काय ठाऊक बाय? मी अडाणी बाई. मशीन आहे ते. माझे दोन शब्द घेतलेन आणि पुढे काय जोडलेन ते त्याचं त्यालाच ठाऊक. हल्ली कुणाच्याही आवाजात बोलतात म्हणे मशीनं."

सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पदराचा काठ बघत राहिले, उसवला होता.

कुणीतरी म्हणालं, "आज हिच्या नावानं बोललं, उद्या आमच्या नावानं बोलेल. नको बाई हे." आणखी कुणीतरी म्हणालं, "आमच्या मोबाईलमधून काढून टाक." तू एकेकीचा मोबाईल घेतलास आणि काढून दिलंस. जसं संक्रांतीला घालून दिलं होतंस तसंच, रांगेत. म्हणालीस, "मी तपासायला हवं होतं. सगळे आवाज आजच काढते." मशीन असं करत नाही, हे तुला सांगता आलं असतं. नाही सांगितलंस. मला वाटलं, तुलाही पटलं.

नीलम शेवटपर्यंत दाराशी उभी होती. मग गेली.

(लिहू नकोस म्हणाल्या. मी लिहिलं आहे. — प्रेमा)

९ मार्च

आज फक्त अबोली आली. तुम्ही दोघी बाहेर जिन्यावर बसलात. ती रडत होती. "मी हसले गं, मी का हसले," असं काहीतरी. मी चहा दिला. तिनं घेतला, पण माझ्याकडे बघून नाही.

१० मार्च

आज प्रेमानं भाकरी थापता थापता विचारलं, "आई, खरं काय ते सांगून टाकायचं का?" मी म्हटलं, "होईल हळूहळू शांत. लोक विसरतात." ती म्हणाली, "कोण विसरतं?" आणि तव्यावरची भाकरी करपली.

२२ मार्च

तू गेलीस. अंधेरीच्याच ऑफिसनं परत घेतलं, पण जागा बंगळूरूला. वर्षाचे तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. राजेश खूश असेल असं वाटलं होतं. त्यानं तुझ्या पिशव्या खाली नेल्या आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावरच उभा राहिला.

तू वाकलीस, म्हणालीस, "आजी, गुडघ्यांना तेल लाव." एवढंच. मी म्हटलं, "तू चष्मा सांभाळ." नातीला निरोप देताना माणूस काहीतरी बरं बोलतो. मला थट्टाच सुचते. जीभ एकाच वळणाला पडलीय.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. अबोली आली होती, तुझा चार्जर न्यायला. तू विसरलीस तो. प्रेमानं तिला जेवायलाच बसवलं.

तिच्याकडून दोन गोष्टी कळल्या. एक, मुलुंडच्या त्या सुयोगनं तुझं सगळं उचललं आणि तिकडच्या वस्तीत सुरू केलं. विचारायची गरजच नाही, उघडंच आहे ते. त्यांच्याकडे आता पन्नास जण आहेत. त्यांनी त्यात एक भर घातलीय. घरातल्या माणसानं स्वतः ऐकून हो म्हटल्याशिवाय त्या घराचा आवाज उघडाच होत नाही. म्हणजे मुलुंडची टेकडी बोलते आणि आपली मुकी.

दुसरी गोष्ट जेवताना कळली. मी म्हटलं, "मशीननं घोळ घातला आणि माझ्या नातीचं वर्ष गेलं." अबोलीचा घास हातातच राहिला. मग तिनं मोबाईल काढला. या नकाशात काही बदललं की का बदललं ते लिहावं लागतं म्हणे, आणि ते जगात कुणालाही वाचता येतं, कायमचं. दोन मार्चला तू आवाज काढलेस तेव्हा जे लिहिलंस ते तिनं मला वाचून दाखवलं.

"एकशे चौदा आवाज काढत आहे. सॉफ्टवेअर बरोबर चाललं. आवाज न ऐकता मी मंजूर केले. एका घराचा अपमान झाला. चूक माझी आहे. श्रुतिका."

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

जगासमोर खरं लिहिलंस आणि त्यातून मला तेवढं गाळलंस. मी वरण वाढायला उठले आणि वरण कुठे ठेवलंय तेच मला सापडेना.

२ एप्रिल

आज वर गेले.

प्रेमा येते म्हणाली. मी म्हटलं, तू नको, तू असलीस की मी तुझ्या मागे लपेन. चार वर्षांत देवळाच्या वर पाऊल टाकलं नव्हतं. पायऱ्यांवर बसत बसत गेले. ओळखू येईना. जिथे मी नळ सांगितला होता तिथे नळ नाही, भिंत आहे. ढेकरवाल्या काकांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ते दिवाळीत वारले. मी त्यांना फेब्रुवारीत ढेकर द्यायला लावला होता.

नीलमची दुपारची पाळी, ती घरीच होती. मला बघून दारातून बाजूला झाली नाही. आतून स्टूल आणून बाहेर ठेवलं. पाणी दिलं. मी बसले.

दम यायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर थट्टा आली असती. "मशीन नव्हतं. मी बोलले. सगळं मीच बोलले."

ती म्हणाली, "आवाज तुमचा होता, आजी. टेकडीवर कोणाला कळणार नाही?"

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. सगळ्या गेल्या तरी दारात थांबले होते."

मी म्हटलं, "म्हातारीच्या जिभेला हाड नसतं गो."

"असतं, आजी. सगळे मला तसं म्हणतात, माहितीय मला. पण हळदीकुंकवाला तुम्ही बोलावलंत, तेव्हा वाटलं, एक घर तरी तसं म्हणत नसेल." मग माझ्यापलीकडे बघत म्हणाली, "तुमच्या घराला तुळशीचं घर म्हणालात ना? आमच्याही दारात आहे."

मी वळून पाहिलं. होती. तेलाच्या डब्यात लावलेली, माझ्या कोपराला लागत होती इतकी जवळ.

मी विचारलं, पुन्हा जमवूया का, या वेळी ज्याचं त्यानं बोलायचं, मुलुंडसारखं. ती म्हणाली, "नको. बायका येतीलही तुम्ही बोलावलंत तर. मी नाही येणार." रागानं नाही म्हणाली. पाणी गेलंय, संध्याकाळी येईल, असं सांगावं तसं म्हणाली.

प्रांजलचं विचारलं. शाळेत जाते आता. मुली बोलतात, जागा पण देतात. हीच त्यांच्यात जात नाही. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून एकटी डबा खाते. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं नीलमला.

उठायला गेले तर गुडघा आखडला. नीलमनं हात धरला आणि देवळापर्यंत खाली आणलं. मी म्हटलं, राहू दे, जाईन मी. म्हणाली, "पडलात तर तेही आमच्याच नावावर येईल." एकेक पायरी ती मला सांगत होती. ही तुटकी आहे. इथे कठडा नाही, माझ्या बाजूला या. अख्ख्या वाटेवर मी हुं म्हणत होते.

तर श्रुतिका, ही वही आता वाच. राजेश उद्या कुरियरनं पाठवेल. दोन मार्चचं पान प्रेमानं खरं लिहिलंय असं ती म्हणते. मला वाचता येत नाही, पण तिच्यावर विश्वास आहे. त्या नकाशात जिथे तू स्वतःचं नाव घातलंस तिथे माझंही घाल. अबोली म्हणाली, लिहिलेलं खोडता येत नाही, पण खाली भर घालता येते. घाल. तू परत ये असं मी म्हणणार नाही. म्हणायचं तोंड नाही.

एक मात्र कर. तिकडे म्हैसूरपाक चांगला मिळतो म्हणे. दगडासारखा नको, तुपातला, जिभेवर ठेवला की विरघळणारा. प्रांजलसाठी पाठव, नीलमच्या कारखान्याच्या पत्त्यावर, टेकडीवर कुणी सामान घेऊन चढत नाही, आणि शाळेला सुट्टी लागायच्या आत पोचेल असा. अर्धा किलो पाठवशील तर याद राख. तीन किलो पाठव. एकटीला संपता कामा नये इतका. आणि पुड्यावर माझं नाव घालू नकोस.